उडती मोटार आणि सामान्य वैमानिक : नवा रायपूरच्या संदर्भात



छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि पुढे रायपूरच्या आग्नेयेस नवा रायपूर ही नियोजित राजधानी आकारास आली. माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ या नगरीच्या निकट आहे. प्रशस्त रस्ते आणि जवळच धावपट्टी असलेल्या या नगरीत उडत्या मोटारीची व्यवहार्यता तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मोल्टन टेलर यांची ‘एरोकार’ १९४९ मध्ये उडाली. १९५६ मध्ये तिला सरकारी मान्यताही मिळाली. तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाहने तयार झाली. २८ जून २०२१ रोजी स्लोवाकियातील श्टेफान क्लाइन यांची ‘एअरकार’ नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत पोहोचली आणि पंख मिटून रस्त्याने शहरात शिरली. जानेवारी २०२२ मध्ये तिला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळाले. मात्र तिला धावपट्टी लागते आणि तीत दोघेच बसू शकतात.

असे वाहन नवा रायपूरमधील एखाद्या हौशी वैमानिकाकडे आहे, असे समजू. जगदलपूर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर असून वाटेत केशकालचा घाट आहे. हवाई अंतर सुमारे २३५ किलोमीटर. ताशी १७० किलोमीटर वेगाने हा प्रवास दीड तासाच्या आत आटोपेल. कागदावर हा लाभ मोठा दिसतो.

प्रत्यक्षात काही अटी आड येतात. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान १७ वर्षे वय, ४० तासांचा उड्डाण-सराव आणि वैद्यकीय पात्रता आवश्यक असते. उड्डाणाची पूर्वसूचना व हवाई संरक्षण विभागाची अनुमती घ्यावी लागते. केवळ दृष्टीच्या आधारे उडणाऱ्यास सूर्यास्तानंतर सहसा उड्डाण करता येत नाही. पावसाळ्यात बस्तरवर ढग उतरले, तर दिवसाही वाट बंद होते. अशा वेळी खाली उतरून रस्त्याने पुढे जाणे, हाच उडत्या मोटारीचा खरा गुण होय. परंतु त्यासाठी वाटेत उतरण्याजोगी धावपट्टी हवी.

दुसरी अडचण रचनेची आहे. रस्त्यावरील वाहन धक्के सोसण्याइतके भक्कम, तर विमान शक्य तितके हलके असावे लागते. बाजारात उभ्या मोटारीला ट्रक घासून गेला, तर एरवी रंगकाम पुरते; उडत्या मोटारीची मात्र पुन्हा उडण्यापूर्वी कसून तपासणी करावी लागते.

मान्यतेची वाटही लांब असते. मुंबईच्या कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडले. त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि चाचणी-उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. साध्या विमानाची ही कथा. दोन प्रकारच्या नियमांत बसवावयाच्या वाहनाला याहून अधिक धीर लागेल.

तेव्हा सामान्य वैमानिकाची उपयुक्तता वाहनापेक्षा जमिनीवरील सोयींवर अवलंबून आहे. बिलासपूरहून मार्च २०२१ मध्ये नियमित विमानसेवा सुरू झाली. अंबिकापूरनजीकच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. अशा धावपट्ट्या, हवामानाची वेळेवर माहिती आणि प्रशिक्षणाची सोय यांवर होणारा खर्च वाया जात नाही. नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. बस्तरमधील आजारी बालकासोबत आई आणि परिचारिका यांना दोन आसनांच्या मोटारीतून आणता येणार नाही. पण हौशी वैमानिक ज्या धावपट्टीवर उतरेल, तीवर रुग्णवाहक विमानही उतरू शकेल. उडती मोटार येवो वा न येवो, प्रथम हक्क त्या धावपट्टीचा आहे.