फळ्या लावून दगडी भिंत

मंडळी, चाकणच्या शिवारात काळ्या दगडाला तोटा नाही. तरी नवे घर म्हटले की म्हातारी माणसे म्हणतात, "दगडाच्या भिंती नकोत रे बाबा!" त्यांना किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे भूकंप झाला. हजारो माणसे भिंतींखाली गाडली गेली.

पण दोष दगडाचा नव्हता. ते दगड नुसत्या मातीत बसवलेले. भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा. हादरा बसताच थर फाकले. त्यात वर माळवदाचे ओझे!

दगड काँक्रीटमध्ये पक्का धरायची एक रीत आहे. बाहेरून दगड दिसतो, मागे काँक्रीट. आपली पोरं कारखान्यांच्या बांधकामावर फळ्या बांधतात, त्यांना ती लगेच जमेल.

पायातून सळया वर काढा. दोन्ही बाजूंनी दीड-दोन फूट उंच फळ्या उभ्या करून तारेने आवळा. ओळंबा लावून पाहा. दगड धुऊन घ्या; मातकट दगडाला सिमेंट धरत नाही. दगडाचे सपाट तोंड बाहेरच्या फळीला टेकवा. मागे माल भरा अन् सळईने ठोसा. मधूनमधून लांब दगड आतपर्यंत जाऊ द्या.

माल पातळ करू नका बरं का! पातळ माल फळीकडे उतरतो अन् दगडाचे तोंडच झाकून टाकतो. शिवाय भिंत कच्ची राहते.

दुसऱ्या दिवशी फळ्या सोडा. ओघळ ब्रशने घासा. मग फळ्या वर चढवून पुढचा थर घ्या. निदान सात दिवस पाणी मारा. सळया किती जाड, किती अंतरावर, हे मात्र इंजिनिअरला विचारूनच ठरवा.