आंतरजालाची देवडी

आंतरजालावर वावरण्यासाठी संगणकावर वा मोबाईलवर जे साधन आपण उघडतो त्याला ब्राउझर म्हणतात, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु हे साधन नेमके करते काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'पाने दाखविते' एवढेच येईल. वस्तुतः ते याहून पुष्कळ अधिक आणि पुष्कळ जोखमीचे काम करीत असते. एखादे संकेतस्थळ उघडले की तेथून केवळ मजकूर आणि चित्रे येत नाहीत. त्यांच्यासमवेत आज्ञांची एक लहानमोठी संहिताही येते, आणि परक्या माणसाने लिहिलेल्या त्या आज्ञा आपला ब्राउझर आपल्याच यंत्रावर इमानेइतबारे पार पाडू लागतो. ज्या यंत्रात बँकेचे व्यवहार, निवृत्तिवेतनाचे कागद, मुलाबाळांची छायाचित्रे आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार आहे, त्याच यंत्रावर दिवसभर कितीतरी अनोळखी लोकांची ही आज्ञापत्रे चालत असतात. तेव्हा कोणता ब्राउझर वापरावा, हे ठरविताना आपण घराच्या दाराशी कोणाला बसवावे हेच ठरवीत असतो.

जुन्या वाड्यात शिरणाऱ्याला प्रथम देवडी लागे. तेथे पहारेकरी बसत. आलेला माणूस कोण, कोठला, कशासाठी आला याची विचारपूस होई. बहुतेकांचे काम तेथेच आटोपे. काहींना चौक ओलांडून सदरेपर्यंत जाता येई. माजघरात मात्र घरचेच माणूस जाई. आरंभीच्या ब्राउझरांना ही देवडीच नव्हती. १९९३ साली मोझेक आला, १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आला, १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्या वेळी पाने बव्हंशी निरुपद्रवी मजकुराची असत, आणि पहाऱ्याची निकड कोणास भासली नाही. पुढे पानांत आज्ञा आल्या, व्यवहार आला, पैसा आला आणि पैशापाठोपाठ चोर आले. वाडा मात्र उघडाच राहिला.

या उघड्या वाड्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली निघाली. तोवर प्रतिस्पर्धी जवळजवळ नामोहरम झालेले होते. परिणाम असा की सातवी आवृत्ती येण्यास २००६ साल उजाडले. पाच वर्षे जगातील बहुसंख्य लोक एकाच दारातून ये-जा करीत होते आणि त्या दाराची मूळ घडण बदलण्याची कोणास घाई नव्हती. २००४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील संगणक-सुरक्षेच्या केंद्राने या ब्राउझरातील एका दोषाविषयी सूचना काढली, तेव्हा दुसरा ब्राउझर वापरणे हाही उपायांपैकी एक म्हणून नमूद करावा लागला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढे २०१० च्या जानेवारीत, गूगलसह अनेक कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात याच ब्राउझरातील एक भगदाड वापरले गेल्याचे उघड झाले, आणि जर्मनी व फ्रान्स या दोन देशांच्या शासकीय यंत्रणांनी दुरुस्ती येईपर्यंत तो वापरू नये असे आपल्या नागरिकांस सांगितले. या साऱ्याचे खापर केवळ कारागिरांच्या अकौशल्यावर फोडणे मला पटत नाही. ज्याला प्रतिस्पर्धी उरत नाही तो पहारेकरी पेंगतो, इतकी साधी ही गोष्ट आहे.

२००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला, आणि देवडीची कल्पना त्याने ठळकपणे राबविली. प्रत्येक पान वेगळ्या कोठडीत चालवावयाचे, आणि त्या कोठडीला घरातील कागदपत्रांना हात लावण्याची मुभाच ठेवावयाची नाही, अशी ती योजना होती. एखाद्या पानाने दुष्टपणा केला तरी त्याला प्रथम कोठडीची भिंत फोडावी लागते. २०१८ च्या आरंभी असे दिसून आले की प्रोसेसरच्या रचनेतीलच एका दोषामुळे, एकाच कोठडीत चालणारे एक पान दुसऱ्याची गुपिते हेरू शकते. त्या दोषाला स्पेक्टर असे नाव मिळाले. त्यावर क्रोमने त्याच वर्षी संगणकावरील आवृत्तीत प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र कोठडी दिली. फायरफॉक्सने ते काम २०२१ मध्ये पुरे केले. या बाबतीत क्रोमच्या कारागिरांनी घेतलेली आघाडी मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

पण भिंती कितीही जाड बांधल्या तरी त्यांना तडा जातोच. २०२३ च्या सप्टेंबरात वेबपी नावाच्या चित्रप्रकाराचे वाचन करणाऱ्या संहितेत एक दोष सापडला. नुसते एक कपटाने घडविलेले चित्र उघडले गेले की शत्रूला आत शिरण्यास फट मिळावी, असा तो दोष होता. ही संहिता क्रोम, फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह अशा सर्वांनीच वापरलेली होती. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत 'माझा ब्राउझर तुझ्यापेक्षा सुरक्षित' असा वाद घालणारे दोघेही एकाच फुटक्या नावेत बसलेले होते! क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला निघाली, फायरफॉक्सची दुसऱ्याच दिवशी. ज्यांच्या यंत्रावर ती त्याच आठवड्यात पोहोचली ते सुटले. ज्यांच्या यंत्रावर महिनोन्‌महिने पोहोचली नाही, त्यांचा ब्राउझर नावाने कितीही थोर असो, दार उघडेच राहिले.

म्हणून ब्राउझर निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, याची डागडुजी कोण करतो आणि ती माझ्यापर्यंत किती दिवसांत येते? आज बाजारात नावे पुष्कळ दिसतात, परंतु प्रमुख इंजिने तीनच आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी ही सारी क्रोमियमची भावंडे. फायरफॉक्सचे इंजिन स्वतंत्र. आणि सफारीचे निराळे. आयफोनवर तर, युरोपीय संघातील देशांत २०२४ मध्ये दिलेली मोकळीक सोडली, तर तेथे दीर्घकाळ कोणत्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी आतील इंजिन सफारीचेच असे. क्रोमियमची संहिता सर्वांना वाचावयास खुली आहे, आणि त्यातूनच एक विलक्षण अडचण उद्भवते. मूळ संहितेत दुरुस्ती झाली की ती चोरालाही वाचता येते; भगदाड कोठे होते याचा पत्ताच जणू जाहीर होतो. त्या क्षणापासून ती दुरुस्ती आपापल्या ब्राउझरात आणण्याची भावंडांची शर्यत सुरू होते. जो मागे राहील त्याचे ग्राहक उघडे पडतात. हे अंतर कमी व्हावे म्हणून गूगलने २०२३ च्या ऑगस्टपासून क्रोमच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर आठवड्यास देण्यास प्रारंभ केला. तेव्हा कोणी नव्या नावाचा, चकचकीत, 'अतिवेगवान' ब्राउझर पुढे केला तर त्याच्या गेल्या काही महिन्यांतील दुरुस्त्यांच्या तारखा पाहाव्यात. त्या सापडत नसतील, तर तेवढे उत्तर पुरेसे आहे.

आता विश्वासाचा प्रश्न. इंदूरचा सराफा किंवा बडोद्याच्या जुन्या पेढ्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हुंडीचा व्यवहार सांगावयास नको. अनोळखी माणसाने आणलेली हुंडी सराफ स्वीकारी तो त्या माणसाकडे पाहून नव्हे, तर ती लिहिणाऱ्या पेढीची पत पाहून. ब्राउझरचेही असेच आहे. समोरचे संकेतस्थळ खरोखर आपल्या बँकेचेच आहे हे तो प्रमाणपत्रावरून ठरवितो, आणि ते प्रमाणपत्र देणाऱ्या पेढ्यांची एक यादी त्याच्यापाशी असते. या यादीतील एखादी पेढी बुडाली वा फुटली, तर तिच्या नावाची खोटी हुंडीही वटते. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणपत्रसंस्थेत चोर शिरले, त्यांनी गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बनविले आणि इराणमधील लोकांची पत्रे त्याच्या आधारे वाचण्याचा उद्योग झाला. ती संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली.

हे दूरदेशीचे झाले. २०१४ च्या जुलैत आपल्याच देशातील राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र-व्यवस्थेतून गूगलच्या संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. केंद्रावर देखरेख करणाऱ्या नियंत्रक कार्यालयाने त्याची मध्यस्थ प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग निराळाच आहे. या शासकीय पेढीचे नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते; त्यामुळे विंडोजच्या यादीवर विसंबणारे इंटरनेट एक्सप्लोररसारखे ब्राउझर धोक्याच्या कक्षेत आले. गूगलची स्वतःची स्थळे क्रोममध्ये जादा खुणेने बांधलेली असल्याने तेथे ती फसवणूक चालली नसती. फायरफॉक्स स्वतःची यादी स्वतः राखतो आणि तीत हे नाव नव्हतेच, म्हणून त्याला झळ पोहोचली नाही. एकच हुंडी एका सराफाकडे वटली असती, दुसऱ्याने परत पाठविली असती. ब्राउझर बदलल्याने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

याच सूत्राने एका चालू विषयाकडे वळतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने स्वदेशी ब्राउझर घडविण्याची स्पर्धा जाहीर केली. भारतीय नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र त्यात अंतर्भूत असावे, अशी अपेक्षा तीत होती. २०२५ च्या मार्चमध्ये निकाल लागून झोहो या कंपनीला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. तिचा उला हा ब्राउझर क्रोमियमवरच उभारलेला आहे. स्वदेशीविषयी मला आस्था आहे, परंतु येथेही प्रश्न तोच विचारावयास हवा: मूळ घराण्यातील दुरुस्ती येथे किती दिवसांत उतरते? आणि पेढी आपल्या गावची आहे एवढ्यावर तिची हुंडी डोळे मिटून घेऊ नये, हे २०१४ ने दाखविलेच आहे. परदेशी असो वा देशी, लोकप्रियता ही तर काहीच हमी नव्हे. यूसी ब्राउझर आपल्याकडे घरोघरी होता. टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने २०१५ मध्ये त्याची तपासणी केली, तेव्हा वापरणाऱ्याने शोधलेले शब्ददेखील पुरेशा आवरणाविना बाहेर जात असल्याचे दिसून आले. भारतात त्यावर बंदी आली ती २०२० च्या जूनमध्ये.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलुपाच्या चिन्हाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावर विसंबून पुष्कळ भले लोक फसले आहेत. आपले बोलणे वाटेत कोणी ऐकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते; समोरचा मनुष्य सज्जन आहे असे ते सांगत नाही. २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे सर्रास विनामूल्य मिळू लागली. ही गोष्ट एकंदरीने उत्तम झाली, पण ठकालाही ती मिळतात. या गैरसमजापायीच क्रोमने २०२३ मध्ये कुलूप काढून तेथे साधे चिन्ह ठेवले.

राहिली एक्स्टेन्शने. ब्राउझरला जोडावयाची ही छोटी उपकरणे म्हणजे माजघरात ठेवलेले गडी होत. द ग्रेट सस्पेंडर नावाचे एक उपयुक्त एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरीत होते. २०२० मध्ये त्याची मालकी बदलली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत दुष्ट संहिता आढळल्यामुळे क्रोमने ते काढून टाकले. गडी तोच, धनी बदललेला! जाहिराती रोखणारे एखादे नामांकित एक्स्टेन्शन मात्र मी ठेवावे म्हणेन. फसव्या जाहिरातींच्या संदर्भात अमेरिकेच्या एफबीआयनेही २०२२ च्या डिसेंबरात तसा सल्ला दिला होता. युब्लॉक ओरिजिन हे त्यांपैकी अव्वल. क्रोमने २०२४ पासून त्याचे मूळ रूप टप्प्याटप्प्याने बंद केले, फायरफॉक्सने ते चालू ठेवले, आणि माझे पारडे फायरफॉक्सकडे झुकते त्याचे हे एक कारण.

तथापि मी स्वतः एकच ब्राउझर वापरा असे सांगणार नाही. पूर्वी घरात सोवळ्याचे वस्त्र उंच दांडीवर वेगळे वाळत असे. त्या रूढीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही, पण युक्ती उचलण्याजोगी आहे. बँक, कर, निवृत्तिवेतन यांसाठी एक ब्राउझर राखून ठेवावा, त्यात एकही एक्स्टेन्शन नसावे, आणि इतर भटकंती दुसऱ्यातून करावी. क्रोम, एज, सफारी, फायरफॉक्स यांपैकी कोणतेही दोन चालतील.

आणखी एक बारीक गोष्ट. दुरुस्ती आपोआप येते हे खरे, परंतु संगणकावर ती बहुधा ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत लागू होत नाही. कित्येक कचेऱ्यांत तो सोमवारी उघडला की आठवडाभर बंदच होत नाही. दुरुस्ती दाराशी येऊन ताटकळत असते. कोपऱ्यातील तीन टिंबांवर अथवा तीन रेघांवर टिचकी मारून 'हेल्प' आणि मग 'अबाउट' निवडावे. ते पान उघडताच ब्राउझर नवी दुरुस्ती आहे काय ते स्वतःच तपासतो आणि पुन्हा सुरू करण्याचे बटण दाखवितो. ते दाबल्याने उघडी पाने हरवतील ही भीती नको. ती बहुधा परत येतात. फक्त खाजगी खिडकीत उघडलेली तेवढी येत नाहीत, म्हणून त्यांतील काम आधी उरकून घ्यावे.