खिशातील यंत्र आणि खासगी आयुष्य



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावी, उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकाने बोलावे आणि दहांनी ऐकावे, असा पायंडा पडला. अशा व्यासपीठावर अर्थकारण, इतिहास, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय शोभतात. त्या मानाने आमचा विषय हलका वाटेल. पण तो आपणा सर्वांच्या खिशात आहे, एवढे तरी त्याच्या बाजूने सांगता येईल. चालकांनी आरंभी ‘कृपया मोबाईल बंद ठेवावेत’ अशी विनंती केली, आणि ती पुरी होते न होते तोच मधल्या रांगेत एक यंत्र खणखणले. आमच्या भाषणाचे मंगलाचरण त्याने परस्पर उरकले, याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत.

आम्ही यंत्रविद्येतले तज्ज्ञ नव्हे. चारचौघांसारखे संसारी गृहस्थ आहोत आणि हे यंत्र रोज वापरतो. तेव्हा या यंत्राची निंदा करण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. परदेशी गेलेल्या मुलीचा चेहरा रोज रात्री ज्या यंत्रात दिसतो, २०२० सालच्या टाळेबंदीत ज्याने माणसाला माणूस भेटवला, त्याला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. आमचा प्रश्न निराळा आहे. यंत्र घरात आले. त्याबरोबर यायला हवी होती ती रीतभात आली काय?

थोडे मागे जाऊ. मुंबईत टेलिफोन आला तो १८८२ साली. पण पुढची शंभर वर्षे तो मोजक्या घरांतच राहिला. आपणांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना ‘पी. पी. नंबर’ आठवत असेल. वाड्यात किंवा चाळीत एकाकडे फोन असायचा आणि बाकीचे बिनदिक्कत तोच नंबर आपला म्हणून द्यायचे. त्या घरच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, ‘अहो, तुमचा फोन!’ आणि आपण धापा टाकत पोचलो की त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून जायच्या. या निघून जाण्याकडे आमचे विशेष लक्ष आहे. फोन त्यांचा, घर त्यांचे; तिथेच बसून राहण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तरी त्या उठून जात. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. दुसऱ्याचे बोलणे आपल्या कानांवर पडू नये, इतके त्यांना आपोआप कळत होते.

भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत सुखराम यांनी ऐकले. पहिली काही वर्षे आलेल्या फोनचेही पैसे पडत, म्हणून लोक यंत्र वाजले की आधी नंबर पाहत आणि मग दचकत. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि बांध फुटला. म्हणजे हे यंत्र सर्वसामान्यांच्या हाती येऊन पंचवीस वर्षेसुद्धा झालेली नाहीत. पंगतीत कसे बसावे, पाहुण्याला काय विचारावे आणि काय विचारू नये, दुखवट्याला गेल्यावर किती वेळ थांबावे, हे ठरायला आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. यंत्र दोन वर्षांत बदलते. रीत इतक्या वेगाने घडत नाही. आजचा सारा घोटाळा या तफावतीतून उपजला आहे.

त्या घोटाळ्याचे नमुने आपण रोज पाहतो. एस.टी.त शेजारचा गृहस्थ चित्रफीत मोठ्या आवाजात लावतो आणि चाळीस प्रवाशांना तिचे श्रोते व्हावे लागते. आजाऱ्याच्या समाचाराला गेलेला मनुष्य खाटेशेजारी बसून आपले निरोप वाचत राहतो. स्मशानात सरण रचत असताना कुणाच्या तरी खिशातून लावणी सुरू होते. नाटकाच्या रंगात आलेल्या प्रवेशात फोन वाजतात आणि काही सज्जन तो घेऊन ‘नाटकात आहे, नंतर बोलतो’ असे सबंध नाट्यगृहाला ऐकवतात. २०१९ साली सुमीत राघवन, सुबोध भावे अशा नटांना याविरुद्ध जाहीरपणे तक्रार करावी लागली. ज्या महाराष्ट्राला आपल्या नाट्यवेडाचा अभिमान आहे, तेथे नटाने प्रेक्षकांना शिस्तीची याचना करावी, ही गोष्ट भूषणावह नाही.

कोणी म्हणेल, घरी आजारी माणूस आहे, फोन बंद कसा ठेवावा? त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यांनी यंत्राचा आवाज बंद करावा, कडेची खुर्ची घ्यावी आणि गरज पडली तर उठून बाहेर जावे. अडचण असलेला मनुष्य बहुधा हे करतोच. वाजतो तो बिनअडचणीच्या माणसाचा फोन.

परंतु हा झाला कानांना होणारा उपद्रव. तो टाळी वाजली की विसरता येतो. याहून खोल असा एक उपद्रव आहे आणि आजचे आमचे मुख्य सांगणे त्याविषयी आहे. तो म्हणजे खासगीपणाचा.

‘हे खासगीपणाचे खूळ पाश्चात्त्यांचे, आपल्याकडे सगळे उघड्यावर,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. १८९० साली बोस्टनच्या वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात प्रसिद्ध लेख लिहिला, हे खरे. त्यांनाही चिंता यंत्राचीच होती. झटपट छायाचित्र काढणारा कॅमेरा नुकताच लोकांच्या हाती आला होता आणि वर्तमानपत्रे घराघरांतल्या गोष्टी छापू लागली होती. पण आपला ‘खासगी’ हा शब्द काय त्या वकिलांनी दिला? पेशवाईत खासगीवाले होते; होळकरांच्या राज्यात दौलत निराळी आणि खासगी निराळी असा हिशेब होता. राज्याचे ते राज्याचे, घरचे ते घरचे, ही सीमा आपल्या दप्तरांतही आखलेली होती. माजघर, उंबरठा, दाराची कडी हे शब्द तरी कोणी बाहेरून आणले?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला मात्र या सीमेला राज्यघटनेत जागा आहे असे स्वच्छ सांगायला वेळ लागला. १९५४ आणि १९६२ सालच्या निकालांत न्यायालयाने असा हक्क मानला नव्हता. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात २०१२ साली अर्ज केला. त्यावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे. आणीबाणीतील १९७६ सालचा जो निर्णय त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड यांचा सहभाग असलेल्या पीठाने दिला होता, तोही याच वेळी चूक ठरवला गेला. वडिलांचा निर्णय मुलाने फिरवावा, हा प्रसंग मराठी माणसाने लक्षात ठेवावा असा आहे.

इतके होऊनही आपल्यातला सरळमार्गी गृहस्थ विचारतो, ‘आम्ही चोरी केलेली नाही, आम्हाला लपवायचे काय?’ हे वाक्य आम्हीही पुष्कळ वर्षे अभिमानाने उच्चारत होतो. ते आम्ही का सोडले, हे सांगितल्याशिवाय आमचे भाषण प्रामाणिक होणार नाही.

आमचे एक चाळीस वर्षांचे स्नेही आहेत. एके दिवशी त्यांनी आपल्या तपासणीचा कागद आम्हाला मोबाईलवर पाठवला. दुखणे गंभीर असण्याचा संभव होता. ‘कुणी चांगला डॉक्टर ठाऊक असेल तर बघ,’ एवढेच त्यांनी लिहिले होते. आम्ही हळवे झालो आणि घाईत आलो. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींचा एक गट आहे. त्यात दोन डॉक्टर आहेत. आम्ही तो कागद, नावासकट, त्या गटात टाकला. हेतू शुद्ध होता. दोन्ही डॉक्टरांनी उत्तम सल्लाही दिला. पण त्या गटात चौतीस माणसे होती. सायंकाळपर्यंत तो कागद आणखी किती ठिकाणी गेला, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या स्नेह्यांच्या पत्नीला भाजीच्या गाड्यापाशी एका बाईंनी विचारले, ‘आता कसं आहे हो त्यांचं?’ घरात त्यांनी अजून काहीच सांगितले नव्हते. पुढची तपासणी होईपर्यंत सांगायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

ते आमच्यावर रागावले नाहीत. ‘तू मला विचारायला हवं होतंस,’ एवढेच म्हणाले. पुढे ते बरे झाले; आजही भेटतात, चहा घेतात, हवापाण्याच्या गोष्टी करतात. पण त्या दिवसानंतर त्यांनी मनातले असे आम्हाला काही सांगितलेले नाही. श्रोतेहो, त्यांनी कोणता गुन्हा लपवला होता? त्यांना आपली बातमी आपल्या तोंडाने, आपल्या वेळी, आपल्या माणसाला सांगायची होती. तो त्यांचा अधिकार आम्ही एका बोटाने काढून घेतला. खासगीपणा म्हणजे काय, हे आम्हाला न्यायालयाच्या निकालपत्राने नव्हे, त्या चहाच्या पेल्याने शिकवले.

आमच्या हातून एक मैत्री उणावली. दुसरीकडे हीच सवय प्राणांवर बेतली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून हातोहात फिरली होती. तो निरोप पुढे ढकलणाऱ्या पुष्कळांना आपण लोकांना सावध करतो आहोत असेच वाटले असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता येते. पुढे पाठवण्यापूर्वी ‘हे खरे का?’ असे विचारायचे काम माणसालाच करावे लागते.

आता यंत्राच्या पोटात काय चालते, तेही थोडे पाहू. निरोप कुलूपबंद असतो, मधल्या कोणाला वाचता येत नाही, असे आपण ऐकतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ पासून ही व्यवस्था सर्वांना दिली, आणि ती चांगली आहे. पण पाकीट चिकटवले तरी वरचा पत्ता आणि टपालाचा शिक्का उघडाच राहतो. कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलले, हे त्या वरच्या नोंदीवरून कळते; आणि पुष्कळदा मजकुरापेक्षा तेच अधिक बोलके असते. चालू असलेला फोन जवळच्या मनोऱ्याशी संपर्क ठेवतो, म्हणून आपण कोणत्या भागात आहोत हे कंपनीला ठाऊक असते. फुकट मिळणारे एखादे ॲप आपल्या नावानंबरांची यादी मागते आणि आपण बिनदिक्कत ‘होय’वर बोट ठेवतो. त्या यादीत आत्या आहे, गावचा सुतार आहे, मुलीची मैत्रीण आहे. त्यांना आपण विचारले होते काय? दुसऱ्याच्या घरची किल्ली आपण परस्पर देऊन मोकळे होतो.

दुकानात पावशेर खारीक घ्यावी आणि दुकानदाराने आधी मोबाईल नंबर मागावा, हेही आता नित्याचे झाले आहे. नंबर दिल्याशिवाय माल नाही असा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले. नम्रपणे ‘नंबर देत नाही, पैसे घ्या’ असे म्हणता येते. आम्ही म्हणून पाहिले आहे. दुकानदार क्षणभर गोंधळतो, आणि खारीक देतो.

याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मोठ्या दंडाची तरतूद आहे, तशा सरकारला दिलेल्या सवलतीही आहेत आणि त्यांवर टीकाही झाली आहे. त्या तपशिलात आज शिरत नाही. त्याचा गाभा मात्र आपल्या स्नेह्याच्या वाक्याहून वेगळा नाही: माहिती ज्याची, त्याची संमती घ्या. त्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण पालकच जेव्हा नातवाच्या न्हाणीघरातली छायाचित्रे जगभर वाटतात, तेव्हा त्या बाळाच्या बाजूने कोण बोलणार? ते मूल उद्या वीस वर्षांचे होईल आणि ती छायाचित्रे तेव्हाही कुठेतरी असतील.

मग उपाय काय? कायदा लागतोच, पण रीत ही लोकांनी घालायची असते. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद. मुले अभ्यासाला, मोठी माणसे वाचनाला किंवा गप्पांना. दंडाची भीती घालून हे झाले नाही. ग्रामसभेत बोलून, घरोघर जाऊन समजावून झाले. आपले शहर मोठे आहे, एका भोंग्याने ऐकणार नाही. पण प्रत्येक घराला जेवणाची वेळ तर आहे ना? तेवढा वेळ यंत्रे बाजूला ठेवायला ग्रामसभेच्या ठरावाची गरज नाही.

आणि बाकीच्या वेळी आम्ही स्वतःला एकच नियम घालून घेतला आहे: आधी विचारावे. फोन लावल्यावर ‘आत्ता बोलू का?’ असे विचारावे. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, ते दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी पुन्हा विचारावे. कोणाचा नंबर तिसऱ्याला देण्यापूर्वी विचारावे. बातमी दुःखाची असेल तर ज्याचे दुःख आहे त्याला विचारावे. निळी खूण उमटली आणि उत्तर आले नाही, तर मात्र काही विचारू नये. माणसाला गप्प बसण्याचाही अधिकार आहे.

चाळीतल्या त्या काकू फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांना निकालपत्र ठाऊक नव्हते आणि कायदाही ठाऊक नव्हता. शेजाऱ्याचा फोन आला की त्या उठून आत जात, एवढेच. आज तो फोन प्रत्येकाच्या हातात आहे, म्हणून आत जाण्याची पाळीही प्रत्येकावर आली आहे. ती आपण साधली, तर या यंत्राने आपले काही बिघडणार नाही.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकलेत. मधल्या रांगेतला तो फोनही पुन्हा वाजला नाही, ही आमच्या भाषणाची पहिली फलश्रुती समजून आम्ही आपली रजा घेतो.