लाल भाकरी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी झालेल्या उपकारस्तुतीच्या उपासनेतील भाषण)

आदरणीय बाई, आदरणीय सर, आणि १९७६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पाळकाच्या दहा मिनिटांवर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी प्रयत्न करतो.

आपल्यात सगळ्या धर्मांची माणसं आहेत, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. आम्हा ख्रिस्ती लोकांचं उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, नाताळाआधीच्या चार रविवारांपासून ते सुरू होतं. त्याला आगमनकाळ म्हणतात. मग नाताळ, मग राखेच्या बुधवारपासून उपवासाचे चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा सण, आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण. पुनरुत्थानाची तारीख तर चंद्र पाहून ठरते, अगदी आपल्या पंचांगासारखी. आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत या सगळ्यांच्या जोडीला एक सण असतो, हंगामाचा. शेतकऱ्यानं बाजरी आणायची, कुणी कोंबडी, कुणी अंडी, कुणी वांगी. सगळं वेदीपुढे ठेवायचं, देवाचे आभार मानायचे आणि उपासनेनंतर मैदानात त्याचा लिलाव करायचा.

बोर्डिंगातल्या मुलांना तो लिलाव आठवत असेल. मला त्यातला एकच आठवतो. १९७३ सालचा, फेब्रुवारीतला.

आपण सातवीत होतो. पाऊस झालाच नव्हता. खरीप गेला, मग रब्बीही गेली. कशाचा हंगाम आणि कशाचा सण? पाळकसाहेबांनी तो दोनदा पुढे ढकलला आणि शेवटी म्हणाले, "पीक नाही म्हणून आभार नाहीत, असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही." सण झाला. वेदीपुढे त्या वर्षी फार काही नव्हतं. दोन-चार नारळ, एक कोंबडी, शहरातल्या लोकांनी दिलेली साखर. आणि ओळीच्या शेवटी एक बाई आली. धुळीनं माखलेलं लुगडं, हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांचे हात तसेच असायचे. तिनं फडक्यात बांधलेली शेरभर मिलो ठेवली. रेशनवर मिळायची ती परदेशी लाल ज्वारी. गावाकडे ती जनावरंसुद्धा नीट खात नाहीत, असं लोक म्हणायचे. पोरं हसली. मीही हसलो.

माझ्या शेजारी बसलेल्या मित्रानं विचारलं, "ती तुझी आई ना रे?"

मी म्हणालो, "नाही. आमच्या गावची आहे."

ती माझी आई होती. शेवगाव तालुक्यातून पहाटेच्या एसटीनं आली होती. उपासना झाल्यावर मी बोर्डिंगच्या मागं जाऊन बसलो. तिनं मला शोधलं असेल, नसेल, मला माहीत नाही. दुपारच्या गाडीनं ती परत गेली.

लिलावात त्या मिलोवर कुणी बोली लावेना. शेवटी आपल्या मराठीच्या बाईंनी सव्वा रुपया म्हटलं आणि ते फडकं उचलून थेट बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात दिलं. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. त्या मिलोच्या सात-आठ भाकरी झाल्या असतील. रात्री त्या मोडून सगळ्यांच्या ताटात वाढल्या. ताटं घेऊन आपण एकाच ओळीत बसायचो. कोण कुठल्या जातीचा, कोण कुठल्या धर्माचा, घरी गेल्यावर ज्यांची ओळ वेगळी पडायची ते सगळे. माझ्या वाट्याला चतकोर लाल भाकरी आली. मी ती खाल्ली. ज्या माणसाला मी सकाळी ओळखलं नव्हतं, त्याच्या हातची भाकरी मी रात्री खाल्ली.

पुढे मी पाळक झालो. दर उत्तम शुक्रवारी पेत्राची गोष्ट सांगायची पाळी येते. प्रभू येशूला धरून नेलं, तेव्हा त्याचा हा जवळचा शिष्य प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. लोकांनी विचारलं, तू त्याच्यातलाच ना? तो नाही म्हणाला. तीन वेळा नाही म्हणाला आणि कोंबडा आरवला. पेत्राला तीन वेळा लागल्या. मला एकदाच पुरली.

कितीतरी वर्षं मी ही गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी म्हणून सांगत होतो. १९९१ साली वेदीवर उभा असताना मला पुढचं बोलताच येईना. त्याच आठवड्यात मी गावी गेलो. आईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. पोरांत लाजला आसशील." आणि मग म्हणाली, "जेवलास का?"

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात असंच आहे. पुनरुत्थानानंतर प्रभू समुद्राकाठी पेत्राला भेटतो. तिथेही कोळशाचाच विस्तव आहे. त्यावर मासळी आहे, भाकर आहे. प्रभू जाब विचारत नाही. आधी न्याहारीला बोलावतो. खाऊन झाल्यावर मग विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे का? तेही तीन वेळा. जितक्या वेळा नाही म्हटलं, तितक्या वेळा हो म्हणायची संधी.

हे वर्ष पुन्हा पुन्हा का फिरून येतं, तेच सण, तेच धडे, तेच रविवार, ते मला त्या चुलीपुढे कळलं. ज्याला आपण एकदा नाकारलं, त्याला ओळख द्यायची संधी दर वर्षी पुन्हा दारात येते. विश्वास मला तरी याहून वेगळा समजलेला नाही. आणि उपकारस्तुती म्हणजे देवाला छान छान शब्द म्हणणं नव्हे. आपण कुणाच्या भाकरीवर वाढलो, ते चारचौघांत सांगणं.

ऐक्याचंही तेच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली. मोठी गोष्ट झाली. पण कागदावरचं ऐक्य बाकावर उतरायला वेळ लागतो. मी सेवा केली त्या एका मंडळीत दोन गट होते. दर जानेवारीत १८ ते २५ तारखेपर्यंत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना असते. आम्ही ती मनोभावे करायचो आणि दोन वेगळ्या दारांनी घरी जायचो. त्यांना मी ऐक्यावर पुष्कळ उपदेश केले. काही उपयोग झाला नाही. मग एका हंगामाच्या सणाला मी माझ्या आईच्या मिलोची गोष्ट सांगितली. त्या दिवशी दोन्ही गटांतल्या दोन म्हाताऱ्या एकाच दारानं बाहेर पडल्या. दोघीच. पण मला तेवढं पुष्कळ झालं.

आता माझी विनंती. सातवीच्या पटावर आपण बेचाळीस जण होतो. दहावीच्या फोटोत एकतीस आहोत. अकरा जण कुठे गेले? बरेचसे त्या दुष्काळात शाळा सोडून खडी फोडायला गेले. ते नापास झाले नाहीत, ते परीक्षेपर्यंत पोहोचलेच नाहीत. या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून केली, म्हणून ते त्यात नाहीत. कुणी मुद्दाम वगळलं, असं मी म्हणत नाही. मीसुद्धा यादी वाचताना आधी माझंच नाव पाहिलं. पण ते आपले आहेत. त्यांच्यासोबत आपण एका ओळीत जेवलो आहोत. उद्या कुणी विचारलं, हा तुमच्या वर्गातला ना, तर आपण काय म्हणणार?

स्मरणिका अजून छापायची आहे. संपादक मंडळाला माझी विनंती आहे की ती अकरा नावं त्यात यावीत, आपल्याच ओळीत, हजेरीच्या क्रमानं. त्यातले जे हयात आहेत, त्यांना आपण शोधू. कुणाला एखाद्याचा ठावठिकाणा माहीत असेल, तर जेवणाआधी मला सांगा. मी वही घेऊन दारातच बसतो.

आणि ज्या मित्रानं त्या दिवशी मला प्रश्न विचारला होता, तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. पन्नास वर्षांत त्यानं हा विषय एकदाही काढला नाही. मित्रा, उत्तर द्यायला उशीर झाला. होय, ती माझी आई होती.

आपण प्रार्थना करू या. ज्यांना हात जोडायचे त्यांनी जोडा, ज्यांना पसरायचे त्यांनी पसरा, ज्यांना नुसतं शांत बसायचं त्यांनी बसा.

हे दयाळू बापा, ज्यांच्या भाकरीवर आम्ही वाढलो त्यांच्यासाठी तुझे उपकार मानतो. ज्यांना आम्ही ओळख दिली नाही, त्यांच्यापुढे आम्हाला पुन्हा उभं कर. आमेन.