टाकाऊ मालाची वही
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला आज कारखान्यांतील टाकाऊ मालाविषयी बोलावयाचे आहे. विषय ऐकताच मागच्या बाकांवर थोडी कुजबुज झाली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी भंगाराचा, चिंधीचा नाहीतर जुन्या यंत्रांचा धंदा आहे. पण शाळेच्या अर्जावर मुले वडिलांचा व्यवसाय नुसता 'व्यापार' असा लिहितात. म्हणून आधी एका दूरच्या गावाची हकीकत सांगतो.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या पश्चिमेस कालुंडबोर्ग नावाचे लहानसे बंदर आहे. तेथे भूजल तोकडे, म्हणून १९६१ साली तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी तिस्सो तळ्याचे पाणी नळाने आणले. ह्या कारखान्यातील जास्तीचा वायू वाया जात असे. १९७२ मध्ये शेजारच्या जिप्समचे तक्ते बनविणाऱ्या कंपनीने तो तक्ते वाळविण्यासाठी घेतला. पुढे वीजकेंद्राची वाफ औषधांच्या कारखान्याला मिळू लागली, उरलेल्या उष्णतेवर गावातील घरे उबदार झाली. औषध कारखान्याचा गाळ शेतकऱ्यांनी खत म्हणून नेला. १९९३ साली तर मौजच झाली. कोळशाच्या धुरातील गंधक काढण्यासाठी वीजकेंद्राने चुन्याचा वापर सुरू केला, त्यातून जिप्सम तयार झाले. जो माल तक्तेवाले परदेशातून मागवीत, तोच शेजारच्या धुराड्यातून मिळू लागला!

यासाठी सरकारी हुकूम निघाला नव्हता. दोन शेजाऱ्यांनी एकत्र बसावे, आपापला फायदा पाहावा आणि करार करावा, असे एकेक करून जमले. हे जाळे केवढे पसरले आहे ते लोकांच्या ध्यानात आले १९८० च्या दशकाच्या अखेरीस, तेथील शाळकरी मुलांनी साऱ्या नळांची प्रतिकृती तयार केली तेव्हा. मुलांनो, हे लक्षात असू द्या.

यात धोकाही आहे. त्या वीजकेंद्राने पुढे कोळसा सोडला आणि लाकडाचे तुकडे जाळावयास घेतले. कोळसा गेला की त्या धुरातले जिप्समही गेले. शेजाऱ्यावर विसंबणाऱ्याने दुसरी वाटही पाहून ठेवावी लागते.

ब्रिटनमध्ये २००५ पासून ही विद्या देशभर शिकविली गेली. वेगवेगळ्या धंद्यांतील माणसे एका टेबलाभोवती बसवीत आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी लिहावयास सांगत: माझ्याकडे काय उरते आणि मला काय हवे. ऐकायला सोपे वाटते. पण आपल्या कारखान्यातून महिन्याला काय आणि किती बाहेर फेकले जाते, हे पुष्कळ मालकांना ठाऊकच नसते. फेकलेल्या मालाचा हिशेब कोण ठेवतो?

आपल्याकडे साखर कारखान्यांना हे नवे नाही. चिपाडावर बॉयलर चालतो, मळीपासून मद्यार्क होतो, प्रेसमड शेतात जाते. आणि भंगारवाला तर रोज हेच करतो. तांबे कुठले, पितळ कुठले, कोणते प्लास्टिक कोणाला चालेल, हे तो हातात घेऊन सांगतो. त्याच्याजवळ नाही तो कागद. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत पुनर्चक्रण करणाऱ्याने, जुनी उपकरणे दुरुस्त करून विकणाऱ्यानेही, नोंदणी केलीच पाहिजे. वडिलांच्या हातातली पारख आणि मुलाच्या हातातले लेखन एकत्र आले नाही, तर धंदा त्याच वस्तीतून उठून कागद जाणणाऱ्याकडे जाईल. मग वडील आपल्याच मालाचे हमाल होतील. मला काळजी वाटते ती ह्याची.

तेव्हा पालकहो, ह्या सुटीत मुलाला दुकानात बसवा, पण गल्ल्यावर नव्हे, वजनकाट्याशी. मुलांनो, एक वही घ्या आणि चार रकाने आखा: माल कोणता, वजन किती, कोठून आला, कोठे गेला. शेजारच्या गॅरेजवाल्याला, बेकरीवाल्याला, यंत्रमागवाल्यालाही विचारा. सुटी संपली की वह्या घेऊन या; रसायनाच्या प्रयोगशाळेत बसून कोणाचा माल कोणाला लागतो ते आपण जुळवून पाहू.