आटगांव येथील भाषण : पाटीसाठीं एक तास



शिखांच्या अनेक गुरुद्वारांत सुटीच्या दिवशीं मुलामुलींस गुरुमुखी शिकवितात. शिकविणारे बहुधा पगार घेत नाहींत; तें ते सेवा समजतात. लंगरांत सारे एका पंक्तीस, तशींच वर्गांत मुलें. त्यांच्या ग्रंथसाहिबांत आमच्या नामदेव शिंप्यांचीं ६१ पदें आहेत. आम्ही मात्र त्यांची ही रीत घेतली नाहीं. वास्तविक ती आम्हांस परकी नव्हे. जोतीरावांनीं १८५५ सालींच कष्टकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा घरीं भरविली होती.

आज वीटभट्टीचा हंगाम आला कीं कातकऱ्यांचीं पोरें शाळेस मुकतात. परत येतात तों अक्षर पुसलेलें! कळसास वर्गणी देणाऱ्या आम्हीं पोरांच्या पाटीस रोज एक तास कां देऊं नये? वाचतां येणाऱ्यानें उद्यांच पाड्यावर जावें.