निळी रेषा, लाल रेषा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. तिथली धोक्याची पातळी आहे 45 फूट. अशा वेळी बचावाच्या बोटी लागतातच. पण नुकसान किती होणार, हे बरंचसं आधीच, नकाशावर ठरलेलं असतं.

नदीकाठच्या शहरांसाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मैदान, शेती चालेल. नवी घरं नाहीत. निळ्या आणि लाल रेषेमधलं ते नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधायचं तर जोतं पुराच्या पातळीपेक्षा उंच हवं.

‘25 वर्षांतून एकदा’ म्हणजे आज पूर आला की पुढची 24 वर्षं निर्धास्त, असं नव्हे. दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता 4 टक्के असते. म्हणजे 20 वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त!

ओढ्यात भराव टाकून प्लॉट पाडला, तरी पाणी थांबत नाही, ते शेजारच्या गल्लीत शिरतं. म्हणून प्लॉटचा इसार देण्याआधी नगररचना कार्यालयात जा, झोन दाखला मागा, विकास आराखड्यावर पूररेषा कुठून जाते ते स्वतः पाहा. स्वस्त मिळतोय म्हणून पुराच्या वाटेतला प्लॉट घेऊ नका.